व्हॅक्यूमचा जाड पाइप

सुरत–जळगाव मार्गावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे डिझेल इंजिन दिसे, त्याच्या तोंडाशी दोन बफरांच्या मधल्या पट्टीवर पाइपांची गर्दी असे. कपलिंगच्या शेजारी वळ्यावळ्यांचा, मनगटाहून जाड असा व्हॅक्यूमचा पाइप. त्याच्या आजूबाजूला हवेच्या दाबाचे बारीक पाइप: हिरव्या कॉकचा ब्रेक पाइप आणि पांढऱ्या कॉकचा फीड पाइप. फलाटावरच्या प्रवाशाने त्याकडे लक्ष द्यावे असे काही नव्हते. लक्ष जाई ते टर्बोच्या शिट्टीकडे, छतातून उसळणाऱ्या काळ्या धुराकडे आणि नंबराशेजारी रंगवलेल्या रतलाम, वटवा, पुणे, इटारसी अशा शेडच्या नावांकडे. पण त्या इंजिनाच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यात काय काय घडले याची सर्वांत विश्वासू नोंद त्या पाइपांतच होती. डिझेल इंजिनांच्या सुधारणेचा इतिहास सहसा अश्वशक्तीच्या आकड्यांत सांगितला जातो. २६०० होते, ३१०० झाले, मग ३३००. आकडे खरे आहेत, पण त्यांच्या क्रमाने सांगितलेली गोष्ट खोटी ठरते. खानदेशातल्या मार्गांपुरते पाहिले तर जुन्या डिझेलची खरी सुधारणा ब्रेकपासून सुरू झाली, मग ती तेलाच्या काटकसरीकडे वळली, आणि अश्वशक्तीचे काम त्या मानाने उशिरा आणि कमी परिणामाचे होते. इंजिन बदलले ते त्याच्या मागच्या गाडीमुळे आणि खालच्या रुळामुळे.

आधी ते इंजिन कोणते हे सांगायला हवे. भारतात ब्रॉडगेजवर डिझेल मोठ्या संख्येने आले ते १९५७पासून. अमेरिकेतल्या अल्को कंपनीची शंभर इंजिने आली, त्यांना डब्ल्यूडीएम-१ हे नाव मिळाले आणि ती मुख्यतः पूर्वेकडच्या कोळसा-पोलाद पट्ट्यात कामाला लागली. १९६२मध्ये त्याच कंपनीचे मोठे भावंड आले, सोळा सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे, सहा आसांचे, ११२.८ टन वजनाचे. हे डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हींसाठी. जानेवारी १९६४पासून ते वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या अडीच हजारांहून अधिक प्रती निघाल्या. यातली गंमत अशी की ज्या कंपनीने हे इंजिन आखले ती अल्को १९६९मध्येच बंद पडली. माहेर उठले, पण लेक सासरी आणखी पन्नास वर्षे नांदली. त्यामुळे पुढे या इंजिनात काय बदलायचे, हे ठरवण्याचे ओझे लखनौची रेल्वे-संशोधन संस्था आरडीएसओ, वाराणसीचा कारखाना आणि गावोगावची शेड यांच्यावर आले. खानदेशात या इंजिनाची जागा भूगोलाने ठरवून दिली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीहून विजेच्या तारा भुसावळपर्यंत आल्या आणि तिथे बराच काळ थांबल्या. भुसावळच्या पुढे खंडव्याकडे आणि नागपूरकडे तारा जायला १९९०च्या आगेमागेचा काळ उजाडला. आणि जळगावहून अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतजवळच्या उधन्याला जाणारा तापी खोऱ्याचा मार्ग तर २०१८पर्यंत डिझेलचाच राहिला. भुसावळ-जळगाव पट्टा म्हणजे विजेचे कुंपण होते. त्याच्या अलीकडे एक रेल्वे, पलीकडे दुसरी.

आता तो जाड पाइप. व्हॅक्यूम ब्रेकचे तत्त्व साधे आहे. गाडीभर गेलेल्या नळीतून हवा ओढून घ्यायची. ती ओढलेली असेल तोवर ब्रेक सुटलेले. नळीत हवा शिरली, मग ती ड्रायव्हरने सोडलेली असो, गार्डने असो की गाडी तुटून असो, की ब्रेक लागले. तत्त्व सुरक्षित, पण त्याला निसर्गानेच मर्यादा घातलेली. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका. रेल्वे त्यातला ५३० मिलिमीटरचा व्हॅक्यूम वापरत असे. म्हणजे ब्रेकच्या पिस्टनवर दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहूनही कमी जोर. हवेच्या ब्रेकमध्ये तोच जोर ३.८ किलोपर्यंत असतो, पाचपट. व्हॅक्यूममध्ये जोर वाढवायचा तर सिलिंडर मोठा करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गाडी लांबवली तर शेवटच्या वाघिणीपर्यंत व्हॅक्यूम पुरा पोहोचत नाही. जोडाजोडांतून हवा गळतच असते. वाफेच्या इंजिनाला हा ब्रेक सोयीचा होता, कारण वाफेच्या झोतानेच हवा ओढता येई. डिझेलमध्ये वाफ नाही. म्हणून डब्ल्यूडीएम-२च्या पोटात एक्सप्रेसर नावाचे एक जोडयंत्र बसवलेले होते. त्याचे काही सिलिंडर हवा दाबत, काही हवा ओढत. कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर एकाच धडात, म्हणून नावही दोघांचे मिळून केलेले. दाबलेली हवा इंजिनाच्या स्वतःच्या ब्रेकला, ओढलेली हवा मागच्या गाडीला. अमेरिकेत जन्मलेल्या यंत्राने ब्रिटिश वळणाच्या गाड्या ओढायच्या म्हणून केलेली ही तडजोड होती. अमेरिकेत तोवर हवेचा ब्रेक कित्येक दशके जुना झालेला होता.

ऐंशीच्या दशकात बॉक्सएन वाघिणी आल्या आणि ही तडजोड पुरेनाशी झाली. भरलेली एक वाघीण ८१ टनांची, अशा ५८ वाघिणींची मालगाडी म्हणजे सुमारे ४,७०० टन. एवढे वजन व्हॅक्यूमच्या भरवशावर उतारावर सोडणे शक्य नव्हते, म्हणून या वाघिणी हवेच्या ब्रेकनेच जन्मल्या. पण देशातल्या लाखो वाघिणी एका रात्रीत बदलत नाहीत. भुसावळसारख्या मोठ्या यार्डात एका लाइनीवर हवेच्या ब्रेकचा कोळसा आणि शेजारच्या लाइनीवर व्हॅक्यूमच्या चारचाकी वाघिणी असे चित्र वर्षानुवर्षे राहणार होते. मग इंजिनानेच दोन्ही भाषा शिकायच्या. डब्ल्यूडीएम-२च्या तोंडाशी जाड पाइपाच्या सोबतीला बारीक पाइप आले ते असे. ड्रायव्हरच्या हाताशी ब्रेकच्या मांडणीत बदल झाला, पोटात झडपांचे नवे जाळे आले, आणि सकाळी रावेर-सावद्याच्या केळीच्या वाघिणी ओढलेले इंजिन संध्याकाळी कोळशाच्या गाडीला लावता येऊ लागले. या बदलाचे मोल कारखान्यात कळणार नाही. ते यार्डात कळते, जिथे नेमकी हवी ती पॉवर नाही म्हणून भरलेली गाडी उभी राहते.

मी ब्रेकला पहिले स्थान देतो ते केवळ कालक्रमामुळे नाही. रेल्वेने स्वतः या इंजिनांना दिलेली नावे पाहा. जुन्या डब्ल्यूडीएम-२वर हवेचे ब्रेक नंतर चढवले, ते डब्ल्यूडीएम-२ए. मुळातच हवेचे ब्रेक घेऊन बनले, ते डब्ल्यूडीएम-२बी. या दोन्ही नावांत अश्वशक्तीचा संबंध नाही. १९९४मध्ये ३१०० अश्वशक्तीचे इंजिन निघाले तेव्हा त्याला तिसरे अक्षर मिळाले, डब्ल्यूडीएम-२सी. पुढे नामकरणाची पद्धतच बदलली, नावातून अश्वशक्ती दिसावी असे ठरले आणि २सीचे डब्ल्यूडीएम-३ए झाले. ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वर शंभर. डब्ल्यूडीएम-३डी म्हणजे ३३००च्या आसपास. आज रेल्वेचे शौकीन हीच नावे ओळखतात आणि म्हणून सुधारणेचा इतिहास त्यांना अश्वशक्तीचा इतिहास वाटतो. पण नावे देणाऱ्यांनी आधीची दोन अक्षरे ब्रेकवर खर्च केली होती. गाडी चालवणाऱ्या खात्याच्या लेखी दोन इंजिनांतला महत्त्वाचा फरक कोणता, याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की ब्रेक ही वाघिणींची सुधारणा आहे, इंजिनाने फक्त पाइप जोडून घेतला. त्याला इंजिनाची प्रगती कसे म्हणावे? हा आक्षेप इंजिनाला सुटे यंत्र मानतो. सुटे डिझेल इंजिन म्हणजे चाकांवरचे जनित्र, त्याच्याने एक पोते केळी हलत नाही. शिवाय वाघिणी बदलू शकल्या त्याच मुळी इंजिने आधी बदलली म्हणून. ज्या मार्गावरच्या सगळ्या इंजिनांना एकच ब्रेक येतो, तिथे दुसऱ्या ब्रेकची पहिली वाघीण आणताच येत नाही. दोन्ही ब्रेकची इंजिने हा तो पूल होता, ज्यावरून सगळा ताफा वीस-एक वर्षांत हळूहळू पलीकडे गेला. पुढे व्हॅक्यूमच्या गाड्या संपल्या तेव्हा एक्सप्रेसर काढून निव्वळ कॉम्प्रेसर बसला, जाड पाइप उतरला आणि बफरच्या पट्टीवर त्याची रिकामी जागा उरली.

अश्वशक्तीचे काय? ती वाढली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात मोठे कौशल्य होते. सिलिंडर तेच सोळा, फेरेही जवळपास तेच, मिनिटाला हजाराच्या आसपास. मग जास्त शक्ती काढायची तर प्रत्येक सिलिंडरमध्ये जास्त तेल आणि ते जाळायला जास्त हवा घालावी लागते. तेल घालणे सोपे, हवा घालणे अवघड. हवा कोंबण्याचे काम टर्बो करतो आणि टर्बो फिरतो तो धुराच्या जोरावर. गाडी सुटताना ड्रायव्हर एकेक नॉच वर नेतो, आठपर्यंत. गव्हर्नर लगेच तेल वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून अल्कोच्या छतातून तो प्रसिद्ध काळा लोट उसळत असे. फलाटावर गाडी सोडायला आलेल्यांना ती इंजिनाची ताकद वाटे. प्रत्यक्षात तो न जळलेला पैसा होता. ऐंशीच्या दशकात या गळतीवर काम सुरू झाले. जुन्या टर्बोच्या जागी एबीबी आणि नेपियर या बनावटीचे अधिक कार्यक्षम टर्बो, टर्बोतून निघालेली तापलेली हवा थंड करणारा मोठा आफ्टरकूलर, १५ऐवजी १७ मिलिमीटर प्लंजरचा इंधन पंप, जास्त ताठ कॅमशाफ्ट, पोलादी डोक्याचे पिस्टन. खानदेशात यांपैकी आफ्टरकूलरचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बाहेरचीच हवा विरळ आणि तापलेली असते. तीच दाबून आणखी तापवायची आणि सिलिंडरमध्ये लोटायची म्हणजे उपाशी माणसाला वाफ वाढण्यासारखे. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की हे सुटे भाग पहिल्यांदा बसले ते शक्ती वाढवायला नव्हे. तेवढ्याच २६०० अश्वशक्तीसाठी कमी तेल लागावे हा हेतू होता. १९७३च्या तेलसंकटानंतर तो हेतू काय असणार हे उघड आहे. तीच जुळणी आणखी ताणून ३१००चे इंजिन त्यानंतर निघाले.

आणि ३१०० झाल्यावर गाडी किती जास्त ओढली गेली? उत्तर अनेकांना चकित करील. उभी गाडी हलवण्याचा जोर डब्ल्यूडीएम-२चा सुमारे ३० टन होता. डब्ल्यूडीएम-३एचाही तेवढाच आहे. कारण उभ्या गाडीला हलवताना प्रश्न शक्तीचा नसतो, चाक आणि रुळ यांच्यातल्या घट्ट पकडीचा असतो, आणि ती पकड इंजिनाच्या वजनावर अवलंबून असते. वजन दोघांचे एकच, ११२.८ टन. जास्त अश्वशक्तीचा उपयोग गाडी हलल्यानंतर होतो, तोच भार जास्त वेगाने चढावर नेण्यासाठी. म्हणूनच निव्वळ मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-३ए बनवले तेव्हा अश्वशक्ती ३१००च ठेवली, पण वजन १२३ टन केले आणि बोगी बदलली. ओढ ३८ टनांच्या जवळ गेली. आता हे तापी खोऱ्यावर ठेवून पाहा. नवापूरच्या आसपासचा डोंगराळ पट्टा सोडला तर हा मार्ग काळ्या मातीच्या सपाटीवरून जातो. गाडीचा वेळ चढावर जात नव्हता. तो जात होता क्रॉसिंगला.

१९००मध्ये सुरत ते जळगाव हा मार्ग पुरा झाला तो एकेरी, आणि एकविसाव्या शतकात बराच आत येईपर्यंत तो एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरून गाडी यायची असेल तर एकाने लूप लाइनीत थांबायचे. नरडाणा, शिंदखेडा, होळ, धरणगाव, पाळधी, जिथे जागा मिळेल तिथे. मालगाडीच्या नशिबी हे थांबणे जास्त, कारण तिला सगळ्यांना वाट द्यायची असते. थांबलेले डिझेल बंद करावे असे कोणालाही वाटेल. पण ते बंद करीत नसत, आणि त्याला कारण होते. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. गाडीभरातल्या जोडांतून हवा हळूहळू गळते, ब्रेक धरून बसतात, पुन्हा सुटायला वेळ लागतो. शिवाय सोळा सिलिंडरचे धूड पुन्हा सुरू करायचे ते बॅटरीवर. बॅटरी दमलेली असेल तर भर मार्गावर गाडी मेली, आणि एकेरी मार्गावर एक गाडी मेली म्हणजे सगळी लाइन मेली. त्यापेक्षा चालू ठेवलेले बरे. असे रिकामे घुमणारे इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर तेल पिते. हिशेबापुरते धरू की एक इंजिन दिवसाला चार तास असे उभे राहिले आणि वर्षाचे तीनशे दिवस चालले, तर चोवीस ते तीस हजार लिटर तेल एक वीतही न हलता संपले. टर्बोतून मिळवलेली काटकसर लूप लाइनीत सांडायची.

या सांडण्यावर जे उपाय झाले ते वर्तमानपत्रांत फारसे आले नाहीत. रिकामे घुमताना फेरे ४००च्याही खाली नेण्याची सोय झाली. जुन्या रिले आणि गव्हर्नरच्या जागी मायक्रोप्रोसेसरचे नियंत्रण आले, ज्याला तेल आणि भार यांचा मेळ प्रत्येक क्षणी घालता येतो. काळा लोट पातळ झाला तो यामुळेही. आणि २०१०नंतरच्या दशकात काही इंजिनांवर एपीयू बसले. हे एक छोटे डिझेल यंत्र, उभ्या गाडीत मोठे इंजिन आपोआप बंद करायचे आणि हवा भरण्याचे, बॅटरी भारित ठेवण्याचे काम स्वतः करायचे. तासाला पंचवीसऐवजी तीन लिटर. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण एकेरी मार्गाच्या दुखण्यावर इतके नेमके औषध दुसरे झाले नाही. फरक एवढाच की ते आले तेव्हा रोगी उठून जायच्या बेतात होता.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. पन्नासच्या दशकात आखलेले इंजिन २०१०पर्यंत ठिगळे लावून चालवणे म्हणजे सुधारणा नव्हे, दारिद्र्य. जग पुढे गेले आणि आपण अल्कोला कवटाळून बसलो, असे म्हणता येते आणि म्हटले गेले आहे. यातले निम्मे मला मान्य आहे. पण जुने इंजिन नव्याने बांधणे हा गरिबांचा उद्योग होता असे मुळीच नाही. अमेरिकेत इलिनॉय सेंट्रल रेल्वेने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंटकीतल्या पडुका इथल्या कारखान्यात जुनी जनरल मोटर्सची इंजिने सोलून नव्याने बांधायला घेतली. सांता फे रेल्वेने १९७० ते १९७८ या काळात टेक्सासमधल्या क्लेबर्न इथे २३३ इंजिनांचे नळीसारखे गोलसर अंग कापून टाकून त्यांना नवे कोनेदार अंग दिले, सीएफ-७ हे नावही दिले. तिथे पैसा होता, नवी इंजिने विकणारे दारात उभे होते, तरी हिशेब पुनर्बांधणीच्या बाजूने लागला. आपल्याकडे पतियाळ्याच्या कारखान्याने हेच केले. १९८१मध्ये सुटे भाग बनवण्यासाठी निघालेला हा कारखाना पुढे डिझेल इंजिनांच्या आधुनिकीकरणाचा कारखाना झाला. डिझेलचे ठरलेले आयुष्य ३६ वर्षे. अर्ध्यावर, अठराव्या वर्षाच्या सुमारास, इंजिन पतियाळ्याला जाई आणि सांगाड्यापर्यंत उघडले जाई. डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणि सिलिकॉन रेक्टिफायर, नव्या वायरी, ३१०० अश्वशक्तीची जुळणी. परतलेल्या इंजिनाचा नंबर तोच, फक्त अनेकांच्या नंबरापुढे एक ‘आर’.

आक्षेपातले मान्य असलेले निम्मे ते हे. १९९९मध्ये जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीजी-४ आले तेव्हा अल्कोला किती ताणता येईल याची हद्द दिसली. ४००० अश्वशक्ती हा आकडा सगळ्यांनी वाचला. पण त्याहून बोलका आकडा ओढीचा होता. वजन १२६ टन, म्हणजे डब्ल्यूडीजी-३एपेक्षा जेमतेम तीन टन जास्त, आणि सुरुवातीची ओढ ५० टनांहून अधिक. तीन-फेज मोटरी आणि घसरू पाहणाऱ्या चाकावर क्षणाक्षणाला ठेवलेला ताबा यांमुळे तेच वजन रुळाला अधिक घट्ट धरत होते. डीसी मोटरीच्या अल्कोत कितीही पाने फिरवले तरी हे आले नसते. म्हणजे पुनर्बांधणीच्या मर्यादेचा खरा पुरावासुद्धा अश्वशक्तीत नाही, पकडीत आहे. रेल्वेने काय करायला हवे होते, अल्को दहा वर्षे आधी सोडायला हवा होता का, हा वाद चालू राहो. पण ज्या दोंडाईचा-अमळनेर मार्गावर अडचण क्रॉसिंगची होती, तिथे ४००० अश्वशक्तीचे नवे इंजिनही त्याच लूप लाइनीत तितकाच वेळ उभे राहिले असते.

भुसावळला विजेच्या इंजिनांचे शेड आणि त्यांच्या पीओएचचा, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीचा, कारखाना आहे म्हणून तिथली गोष्ट निराळी असेल असे वाटू शकते. पण साम्यच जास्त निघते. सत्तरच्या दशकात आलेले डब्ल्यूएएम-४ हे विजेचे इंजिन ज्या ओतीव पोलादी ट्रायमाउंट बोगीवर उभे होते ती डब्ल्यूडीएम-२चीच होती, आणि पुढे डब्ल्यूएजी-५लाही तीच मिळाली. डोक्यावर तार, पायात अल्को. त्यांच्या पोटातले बदलही त्याच वळणाचे. आर्नो नावाचे घरघरणारे फिरते यंत्र जाऊन स्टॅटिक कन्व्हर्टर आला, फ्रेंच वळणाच्या टीएओ मोटरींच्या जागी पुष्कळ इंजिनांत हिताची मोटरी आल्या, ब्रेक व्हॅक्यूमकडून हवेकडे गेले. इंजिन वीज खाते की तेल पिते यापेक्षा मागे काय जोडले आहे, यावरच इथेही बरेचसे ठरले. उलट उदाहरण पाचोऱ्याला होते. पाचोरा–जामनेर ही अडीच फुटी गाडी, जिला सगळा तालुका ‘पीजे’ म्हणतो. तिलाही वाफेनंतर डिझेल मिळाले. पण रूळ तेच, गेज तेच, डबे मोजकेच, त्यामुळे तिच्या बुटक्या इंजिनाकडे कोणी नवे काही मागितलेच नाही. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली आणि मार्ग ब्रॉडगेज करण्याच्या योजनेत पुन्हा धावली नाही.

तापी खोऱ्यात शेवट एकदमच आला. २०१८मध्ये उधना–जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण दोन्ही पुरी झाली. शंभराहून अधिक वर्षे जे क्रॉसिंग गाड्यांना थांबवत होते ते गेले, आणि त्यासोबतच त्या थांबण्याला पुरून उरण्यासाठी घडवलेले इंजिनही. त्याच सुमारास वाराणसीच्या कारखान्याने डिझेलला विजेवर आणण्याचा प्रयोग केला. दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३एंच्या सांगाड्यांवर विजेची यंत्रणा चढवून दहा हजार अश्वशक्तीची जोडी केली, फेब्रुवारी २०१९मध्ये तिला पंतप्रधानांच्या हस्ते झेंडा दाखवला गेला. ती वाट पुढे रुंद झाली नाही. वाराणसी आणि पतियाळा दोन्हीकडे आता नवी विजेची इंजिने बनतात. अल्को घराण्याची जी इंजिने बऱ्या स्थितीत होती त्यांतली काही दूर गेली. जुलै २०२०मध्ये डब्ल्यूडीएम-३डी जातीची दहा इंजिने बांगलादेशाला दिली गेली, मे २०२३मध्ये आणखी वीस. तिथे रेल्वेच्या मार्गांवर अजून तारा आलेल्या नाहीत.

चाळीसगाव–धुळे ही छप्पन किलोमीटरची छोटी शाखा. धुळ्याला मार्ग संपतो. तिथे पॅसेंजर आली की इंजिन सुटे होई, शेजारच्या लाइनीवरून फेरी मारून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येई, पाइप पुन्हा जोडले जात, ब्रेकची चाचणी होई. अल्कोला केबिन एकाच बाजूला, त्यामुळे दोनपैकी एका खेपेला ड्रायव्हरला समोर लांबलचक हूड ठेवून, एका कडेने डोकावत गाडी हाकावी लागे. साठ वर्षांत ब्रेक बदलला, टर्बो बदलला, जनरेटर बदलला, पण हे वळसा घालणे आणि डोकावणे बदलले नाही. आता त्या शाखेवर मेमू ही विजेची गाडी धावते. तिला दोन्ही टोकांना केबिन आहे. धुळ्याला ड्रायव्हर आपली पिशवी उचलतो आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो.